नागपूरच्या खानावळीत समुद्र कुठून आला?

मागच्या अंकात या मासिकाने आमच्या खानावळीबद्दल दोन ओळी छापल्या, की मालवणकडे समुद्रकिनारी राहून आलेल्या नणंद-भावजयीने नागपुरात जेवणघर काढले म्हणून. झाले, तेव्हापासून प्रश्नच प्रश्न येऊन राहिले. व्हॉट्सअ‍ॅपवर आले, एक चक्क पोस्टकार्ड आले भंडाऱ्याहून, आणि दोघातिघांनी तर जेवता जेवता बिलाच्या मागे लिहून दिले. संपादक म्हणाल्या, या महिन्याचे वाचकांचे पान तुम्हीच घ्या. नणंदबाईंनी लगेच हात वर केले, "तू लिही, मी मसाला भाजते." म्हणून मी लिहून राहिली. चुकलेमाकले सांभाळून घ्या.

प्रश्न : ताई, तुम्ही दोघी अस्सल नागपूरच्या. इथून सगळ्यात जवळचा समुद्र पण पाचशे किलोमीटरच्या वर. मग हे खूळ डोक्यात आले कुठून? आणि खरं सांगा, आठ दिवसांच्या ट्रिपमध्ये कोणाला असं काही सुचते का?
– एक वाचक, प्रतापनगर

नाही सुचत भाऊ. आठ दिवसांत फक्त ऊन लागते आणि फोटो निघतात. आणि एक गंमत सांगते, सरळ रेषेत मोजला तर नागपूरला जवळचा समुद्र म्हणजे बंगालचा उपसागर, तोही साडेपाचशे किलोमीटरच्या पलीकडे, आणि आम्ही जाऊन बसलो त्याच्या उलट दिशेला.

झाले असे की आमच्या नणंदबाईंचे मिस्टर बँकेत, त्यांची बदली झाली मालवणला आणि घर भेटले देवबागला. देवबाग म्हणजे जमिनीची एक चिंचोळी पट्टी, एका बाजूने कर्ली नदीची खाडी, दुसऱ्या बाजूने समुद्र, आणि टोकाला जाऊन दोन्ही पाणी एकमेकात मिसळते. माझी नोकरी तेव्हाच सुटली होती, घरात बसून चिडचिड करत होती, तर ताई (नणंदबाईंना मी ताई म्हणते) म्हणाल्या ये पंधरा दिवस. दिवाळी झाल्यावर गेली आणि वापस आली होळीला. माझे मिस्टर फोनवर म्हणायचे, तिकडेच रेशनकार्ड काढते का?

पहिले आठ-दहा दिवस काहीच कळले नाही, खरं तर कंटाळाच आला. शेजारी एक आजी होत्या, तिसऱ्या काढून विकायच्या. तिसऱ्या म्हणजे शिंपल्यातला जीव, वाळूत राहतो. मी आपली नागपुरी सवयीने विचारायची, "आजी, उद्या किती वाजता भेटतील?" तर त्या म्हणायच्या, "सुकती झाल्यार." मला वाटले सुकट म्हणून राहिल्या, आणि मी दोनदा सांगितले की नाही नाही, सुकट नको, ताज्या पाहिजे! ताई हसून हसून बेजार. सुकती म्हणजे ओहोटी. पाणी मागे सरकले, वाळू उघडी पडली की मग त्या जाणार, त्याच्या आधी नाही, कलेक्टर आला तरी नाही.

मग त्यांनीच हिशोब शिकवला. तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. पंचमी असेल तर पावणेचार, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा, आणि भरतीपासून साधारण सहा तासांनी ओहोटी. घड्याळ लावून बघाल तर थोडे मागेपुढे होते पण काम भागते. चंद्र रोज उशिरा उगवतो तशी भरती पण रोज साधारण ५० मिनिटे पुढे सरकते, त्यामुळे आजीचा दिवस कधी पहाटे चारला सुरू व्हायचा, कधी भर दुपारी. स्वयंपाक त्याच्या मागून. आम्ही इथे काय करतो, आधी ठरवतो की आज मटण, आणि मग पिशवी घेऊन निघतो. तिथे पिशवी आधी भरायची आणि काय रांधायचे ते नंतर कळायचे. मी ४१ वर्षांची होईपर्यंत असा स्वयंपाक कधी केलाच नव्हता.

आणि रापण! ती बघितली नाही तर काय बघितले. होडीतून लांबच लांब जाळे समुद्रात अर्धगोल सोडतात, दोन्ही टोके किनाऱ्यावर, आणि मग दोन्हीकडून माणसे ओढत बसतात, तासभर, दोन तास, कमरेतून मोडून. जाळे कोणा एकाचे नसते, सगळ्यांचे मिळून असते आणि जे येईल त्याचे वाटे पडतात. आम्ही दोघी पण दोरीला लटकलो एक दिवस, आमचा उपयोग शून्य, उलट पायात पाय, पण शेवटी आमच्यापुढे पण चार बांगडे आणि मूठभर तारल्या टाकल्या. त्या दिवशी ताईंनी तिरफळ घालून जी माशांची कढी केली (तिरफळ वाटायचे नसते, नुसते ठेचून सोडायचे, मला कुठे माहीत, मी मिक्सरला लावले होते पहिल्यांदा, तोंड बधिर झाले सगळ्यांचे) ती खाताना पहिल्यांदा विषय निघाला की आपण दोघी मिळून काही काढू. प्रेरणा वगैरे मोठा शब्द आहे. भूक लागली होती आणि कढी चांगली झाली होती.

प्रश्न : तुमच्याकडची सोलकढी गुलाबी असते, माझी काळपट होते आणि एकदा तर फाटली. काय चुकते?
– एक काकू, धरमपेठ

काकू, दोन गोष्टी. फाटली म्हणजे तुम्ही गॅसवर ठेवली असेल, नारळाच्या दुधात आंबट पडले की ते गरम करायचेच नाही. आणि काळपट होते ती बहुतेक जुन्या आमसुलामुळे, किंवा लोखंडाच्या भांड्यात केली तर. आमसुले दहा-बारा घ्या, कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा, स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात, मग कुस्करून गाळा. एका नारळाचे पहिले-दुसरे दूध, लसूण, हिरवी मिरची, मीठ, वरून सांभार. (पुण्या-मुंबईच्या वाचकांनी घाबरू नये, आमच्याकडे कोथिंबिरीला सांभार म्हणतात.) आमसुलाऐवजी आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, वापरत असाल तर मीठ शेवटी चाखून घाला कारण आगळात आधीच खूप असते. आणि हॉटेलात एकदम लालभडक दिसली की समजून घ्या बीट घातले आहे.

प्रश्न : तुमच्या भिंतीवर समुद्राची चित्रे, तोंडात मालवणच्या गोष्टी, आणि ताटात मात्र तळ्याची मासोळी! मी पापलेट खायला आलो होतो, मला मरळ दिली. ही फसवणूक नाही का? राग मानू नका.
– एक ग्राहक, मानेवाडा

राग नाही बाप्पा, उलट याच प्रश्नाची वाट पाहून राहिली होती.

आम्ही सुरुवात पापलेटनेच केली. पहिला महिना मेनूकार्डावर सुरमई, पापलेट, बांगडा, सगळे होते, लॅमिनेशन केलेले कार्ड, दोन्ही बाजूंनी. माल किनाऱ्यावरून थर्माकोलच्या खोक्यात बर्फ टाकून रेल्वेने मागवायचो. नियम असा की आपल्या हवेत जेवढी मासळी तेवढा बर्फ, किलोला किलो. पाठवणाऱ्याने कुठे निम्मा टाकला असेल, आणि एका एप्रिलमध्ये ते खोके कुठल्या तरी प्लॅटफॉर्मवर उन्हात पडून राहिले, किती वेळ देव जाणे, बाहेर ४४ डिग्री. आमच्या हातात आले तेव्हा खोक्यातून पाणी टपकत होते. पंचवीस किलो माल. ताईंनी एक बांगडा उचलला, वास घेतला, काही बोलल्या नाहीत, सरळ फेकायला सांगितले सगळे.

मी म्हटले, वास तर एवढा काही नाही, मसाल्यात जाईल. (लिहायला लाज वाटते पण म्हटले होते.) तर त्यांनी मला जे सांगितले ते सगळ्यांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. बांगडा, टुना, तारली, या जातीची मासळी गरमीत पडून राहिली की तिच्यात हिस्टॅमिन तयार होते, आणि ते शिजवून, तळून, कशानेही जात नाही. वास नसला तरी असू शकते. खाल्ल्यावर तोंड लाल होते, डोके ठणकते, अंगावर पित्तासारखे उठते, लोकांना वाटते अ‍ॅलर्जी झाली. म्हणजे मसाल्यात जाणार नव्हतेच, गिऱ्हाइकाच्या पोटात गेले असते. त्या दिवशी हॉटेल बंद ठेवले आणि लॅमिनेटेड कार्डे कपाटावर टाकली, अजून तिथेच आहेत.

नागपुरात समुद्राची मासळी खाऊच नका असे मी म्हणत नाही हं, बर्फ नीट असेल तर येते चांगली, डोळा फुगीर आणि चमकदार बघा, कल्ले लाल बघा, बोटाने दाबले की मांस वापस वर आले पाहिजे. पण आमच्यासारख्या लहान खानावळीला ते रोज जमणे कठीण, आणि मुख्य म्हणजे मला असे वाटायला लागले की आम्ही देवबागला बघितले एक आणि इथे येऊन केले दुसरेच. आजी दारापुढच्या पाण्यातून जे भेटेल ते रांधायची. तिने काही नागपूरची संत्री मागवली नव्हती.

तर मग आमच्या दारापुढचे पाणी कोणते? नागपूरच्या पूर्वेला निघा, भंडारा, गोंदिया, खाली चंद्रपूर, गडचिरोली, तळीच तळी. मामा तलाव म्हणतात त्यांना, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, गोंड राजांच्या काळात कोहळी लोकांनी बांधलेले, सहा हजारांहून जास्त आहेत, आणि धानाची शेती त्यांच्यावर उभी आहे. पाणी उतारावरून उतारावर, एका तळ्याचा सांडवा दुसऱ्यात, अशी सोय. मी लहानपणी मामाच्या गावाला (खरोखरचा मामा) साकोलीकडे जायची, त्याच तळ्यात म्हशी धुतल्या आहेत, पण कधी विचार केला नाही की यात काय काय राहते. समुद्राकाठी साडेतीन-चार महिने पाण्याकडे बघत बसायची सवय लागली, तेव्हा कुठे घरचे तळे दिसले.

तिथले मासोळी धरणारे ढिवर लोक पिढ्यान्‌पिढ्या हे पाणी ओळखतात. मरळ कुठे बसते, बोटरी कोणत्या महिन्यात चवीला येते, झिंगे कशात अडकतात. आणि हेही सांगतात की आधी कितीतरी जाती होत्या, आता तळ्यात रोहू-कतलाचे बीज सोडतात आणि बाकीच्या कमी होऊन गेल्या, काठाने बेशरम नावाची झुडपे माजली आणि तळातल्या पाणवनस्पती गेल्या, मासोळीने अंडी कुठे घालायची? अर्जुनी मोरगावकडे ढिवर बायांनी तळ्यात उतरून बेशरम उपटली आणि देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या, आणि गावरान मासोळी वापस यायला लागली. हे ऐकले तेव्हा मला थेट देवबागची खाडी आठवली, कारण तिथे कांदळवनात हेच असते, मुळांच्या जाळ्यात पिल्ले वाढतात आणि मोठी झाली की समुद्रात जातात. आपल्या महाराष्ट्राने २०२० मध्ये पांढरी चिप्पी नावाच्या खारफुटीला राज्य कांदळवन वृक्ष ठरवले, असे करणारे पहिलेच राज्य. तळ्यातल्या देवधानाला (आपोआप उगवणारा रानटी भात) पण कोणीतरी असा मान द्या म्हणावे.

म्हणून आता आमच्याकडे कार्ड नाही, पाटी आहे. सकाळी साडेसातला भंडाऱ्याकडून फोन येतो की आज काय निघाले, त्यावर पाटी लिहितो. मरळ असेल तर मरळीचा रस्सा, जवस आणि खसखस वाटून, आंबट म्हणून कोकम नाही, अंबाडी. झिंगे असले तर झिंगे-वांगे. काहीच नसले तर वरण-भात, भरीत आणि पाटोडी, आणि तेही लोक खातात. समुद्राचे म्हणाल तर सुके येते, सुकट, सोडे, सुका बोंबील, त्याला प्लॅटफॉर्मवर ऊन लागले तरी फरक पडत नाही, आणि आपल्या विदर्भाच्या बाजारहाटात सुकी मासोळी आजीच्या आजीपासून आहे, तेव्हा ते काही पाहुणे नाही. जुलै-ऑगस्टमध्ये ताजी मासोळी बंद. समुद्रावर सरकारची १ जून ते ३१ जुलै बंदी असते, तशी आम्ही आमची लावून घेतली, पहिल्या पावसात मासोळी पाण्याच्या उलट चढते, पोटात अंडी असतात, ती कशाला धरायची.

फसवणुकीचे म्हणाल तर एक चूक कबूल. दारावर पापलेटचे चित्र होते. उतरवले. पापलेट आता आपल्या राज्याचा राज्यमासा आहे, २०२३ पासून, त्याला नमस्कार, पण आमच्या दारावर आता मरळ आहे. पेंटरने तिला नसलेल्या मिशा काढल्या, मांगूर वाटते, ते वेगळे. (आणि मांगुराचा विषय निघालाच तर, थाई मांगूर म्हणून जो विकतात तो पाळायला आणि विकायला आपल्याकडे २००० सालापासून बंदी आहे, स्वस्त भेटला तरी घेऊ नका.)

तुम्ही एकदा थंडीत या भाऊ, मरळ माझ्याकडून. पापलेट मात्र नाही.

प्रश्न : महिन्यातून दोनदा अष्टमीला बंद! गेल्या वेळी रविवार होता, पाहुणे घेऊन आलो आणि कुलूप. हा कोणता उपवास?
– वर्धा रोडवरून एक कुटुंब

उपवास नाही हो. अमावास्या-पौर्णिमेला समुद्राला उधाण असते, पाणी खूप चढते आणि खूप उतरते. अष्टमीच्या आसपास मात्र भांग, म्हणजे चढणे-उतरणे दोन्ही कमी. पाणी नीट उतरतच नाही तर तिसऱ्यांची वाळू उघडी पडत नाही, त्यामुळे आजी आणि त्यांच्या मैत्रिणी त्या दिवशी घरी. कोयत्या घासायच्या, टोपल्या विणायच्या, लेकीकडे जायचे. सुट्टी कोणी दिली नव्हती, चंद्राने दिली होती. ते आम्हाला इतके आवडले की आम्ही तशीच उचलली. आमच्याकडे त्या दिवशी स्वयंपाकघर धुऊन निघते आणि आमच्या चार बायांना पगारी सुट्टी भेटते.

रविवारी आली तेव्हा मी म्हटले होते ताईंना, अहो एवढा धंदा जाते, या वेळी सोमवारी घेऊ. तर म्हणाल्या, "तू समुद्राला सांग सोमवारी घे म्हणून." दोन दिवस बोलणे बंद होते आमचे. हिशोबाने त्या चुकीच्या आहेत, अजूनही माझे तेच मत आहे. पण कुलूप त्यांच्याकडे असते. तुमच्या पाहुण्यांची मनापासून माफी, आता दारावर महिन्याच्या दोन्ही तारखा लिहून ठेवतो.

प्रश्न : माझा मुलगा हॉटेल मॅनेजमेंट करून आला. त्याला इथे 'बीच थीम'चा कॅफे काढायचा आहे, वाळू टाकायची, जाळी लटकवायची, शंख-शिंपले, पोवळी लावायची. दहा लाख मागतो. द्यावे का?
– भंडाऱ्याहून पोस्टकार्ड, एक वडील

काका, पहिले तर पोस्टकार्डाबद्दल धन्यवाद, अक्षर फार सुंदर आहे तुमचे.

पैशाचे मी सांगू शकत नाही, तो तुमच्या घरचा प्रश्न. पण पोवळी लावू नका म्हणा त्याला, लगेच. प्रवाळ आणि कित्येक जातींचे शंख-शिंपले आपल्या वन्यजीव कायद्यात संरक्षित आहेत, दुकानात विकायला दिसले तरी. वाळूचे म्हणाल तर नागपूर-भंडाऱ्याच्या उन्हाळ्यात ती वाळू तव्यासारखी तापेल आणि पावसाळ्यात त्यात मांजरी काय करतील ते मी या पानावर लिहू शकत नाही.

मला विचाराल तर त्या दहामधले एक लाख त्याला द्या आणि तीन महिने किनाऱ्यावर राहायला पाठवा, रिसॉर्टमध्ये नाही, कोणाच्या तरी पडवीत. जगात ज्यांनी समुद्रावरून चांगले काही काढले त्यांनी बघा काय केले. दक्षिण आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पॅटर्नोस्टर नावाचे मच्छीमारांचे गाव आहे, तिथे कोबस व्हॅन डर मर्व्ह या माणसाने २०१६ मध्ये वुल्फगॅट नावाचे रेस्टॉरंट काढले, एका जुन्या लहानशा घरात, वीसेक माणसे बसतील एवढे. रोज किनाऱ्यावर फिरून शेवाळ, वाळूच्या टेकाडावरची पाने वेचून आणायची आणि रांधायची, हाताखाली बहुतेक गावातल्याच बाया. २०१९ मध्ये पॅरिसला त्याला जगातले त्या वर्षीचे सर्वोत्तम रेस्टॉरंट म्हणून बक्षीस भेटले.

दुसरा स्पेनमधला आन्हेल लेऑन. काडिझच्या खाडीकाठी त्याचे अपोनिएन्ते हे रेस्टॉरंट एका जुन्या पिठाच्या गिरणीत आहे, आणि ती गिरणी कशावर चालायची, तर भरती-ओहोटीच्या पाण्यावर! जी मासळी कोळी जाळ्यातून काढून फेकून द्यायचे तिचे पदार्थ त्याने केले, आणि पाण्याखालच्या एका गवताचे दाणे भातासारखे शिजवून खायला घातले. तीन मिशेलिन तारे आहेत त्याच्याकडे. आमचे आणि त्यांचे काही नाते नाही, त्यांच्या एका ताटाच्या पैशात आमचा महिन्याचा किराणा येईल. पण दोघांपैकी कोणी भिंतीवर जाळी लटकवून मोठा झाला नाही एवढे पोराला दाखवा.

आणि तुमचा मुलगा भंडाऱ्याचा आहे, म्हणजे तळ्यांच्या जिल्ह्यातला. त्याला 'बीच' कशाला पाहिजे बापा?

प्रश्न : आम्ही पूर्ण शाकाहारी. समुद्र, तळे, सगळे वाचून झाले, आमच्यासाठी काय?
– एक वाचक, रामदासपेठ

कोकणात लोक रोज मासळीच खातात असे काही नाही, सोमवार, गुरुवार, श्रावण, संकष्टी, बरेच दिवस असतात. ओल्या काजूची उसळ, कोवळ्या फणसाची भाजी, काळ्या वाटाण्याची आमटी आणि आंबोळी, हे आम्ही तिथूनच शिकून आलो. काळे वाटाणे कुडाळहून येतात, ओले काजू फक्त मार्च-एप्रिलमध्ये आणि महाग पडतात, तेव्हा विचारून या. आणि तळ्याचे म्हणाल तर थंडीत ताजे शिंगाडे असतात ना, ते पण ढिवर लोकच काढतात, काळे होऊन जातात हात त्यांचे. उकडून, वरून मीठ, हिरव्या मिरचीचा ठेचा. ती वाटी आम्ही फुकट ठेवतो टेबलावर, कोणी सांगत नाही म्हणून सांगून टाकले.

प्रश्न : आम्ही तीन मित्र डिसेंबरमध्ये कोकणात जायचे म्हणून राहिलो. रिसॉर्ट आणि वॉटर स्पोर्ट सोडून काय बघावे? बजेट कमी आहे. पोहता कोणालाच येत नाही.
– कॉलेजचा विद्यार्थी, गोंदिया

पोहता येत नाही हे लिहिले ते बरे केले, तर पहिले तेच. उधाणाच्या दिवसांत आणि नदी समुद्राला मिळते त्या टोकावर पाण्यात उतरायचे नाही, गुडघाभरही नाही. वरून शांत दिसते आणि खालून ओढते. तिथल्या कोळ्याने नाही म्हटले की नाही. नागपूरच्या फुटाळा तलावावर बसल्यासारखे बसा आणि बघा.

डिसेंबर चांगला महिना आहे, रापण चालू असते. मुंबईपर्यंत रेल्वेने जा, आता समृद्धी महामार्ग पण ७०१ किलोमीटर पूर्ण झाला आहे पण तीन पोरांना रेल्वेच स्वस्त. पुढे कोकण रेल्वेने कुडाळ, तिथून मालवणची एसटी. किल्ला बघा, पण एक पूर्ण सकाळ मासळीच्या लिलावासाठी ठेवा, मालवणच्या किनाऱ्यावर, काही विकत घ्यायचे नाही, मध्ये उभे राहायचे नाही, नुसते ऐकायचे. खाडीत लहान होडीवाला भेटला तर कांदळवनात फिरवून आणायला सांगा, मोटार बंद करून. रापण ओढताना दिसली तर विचारून दोरीला हात लावा, फोटो नंतर. आणि मे महिन्यात जायचे असेल तर नकाच जाऊ, गर्दी असते, आणि आपल्याला घाम म्हणजे काय ते माहीत नाही हे तिथे कळते, आपले ऊन कोरडे आहे.

आणि निघायच्या आधी कालनिर्णय उघडून तिथी बघा. अमावास्या किंवा पौर्णिमा धरून गेलात तर लांबवर वाळू उघडी दिसेल, बाया तिसऱ्या काढताना दिसतील. अष्टमीला पोचलात तर काही नाही, आणि मग देवबागच्या आजींना "तिसऱ्या कधी भेटतील" असे मात्र विचारू नका, मी चार महिन्यांत इतक्या वेळा विचारले आहे की नागपूरकडचा आवाज ऐकला तरी त्या दार लावून घेतात.